डेव्हिड ब्रायंट : तीस वर्षं अव्वल राहिलेला बोल्सपटू. खेळ सोपा की माणूस थोर?

शरद_वाचक

नमस्कार मंडळी,

लॉन बोल्सवर (हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ) इथे आजवर धागा दिसला नाही, म्हणून काढतोय. निमित्त एका वादाचं. खेळाडूंच्या दीर्घ कारकिर्दींवर गप्पा चालल्या होत्या. मी म्हटलं, सर्वांत जास्त काळ शिखरावर टिकलेल्यांत डेव्हिड ब्रायंटचं नाव पहिल्या पाचांत यायला हवं. मित्र म्हणाला, "छप्पन्नाव्या वर्षी जगज्जेता होता येतं त्याला मी खेळच म्हणत नाही." तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रायंट १९३१ साली इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या क्लीव्हडन गावात जन्मला. वडील आणि आजोबा दोघेही बोल्स खेळायचे. हा पेशाने शाळामास्तर. १९६० ला इंग्लंडचं एकेरीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत ते आणखी पाच वेळा घेतलं. राष्ट्रकुल स्पर्धांत १९६२ पर्थ, १९७० एडिंबरा, १९७४ क्राइस्टचर्च, १९७८ एडमंटन अशी चार एकेरी सुवर्णपदकं. (१९६६ च्या किंग्स्टनला बोल्स नव्हतंच.) म्हणजे सोळा वर्षं एकेरीचं सुवर्ण दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडलंच नाही!

जागतिक स्पर्धा पहिल्यांदा १९६६ ला सिडनीजवळ कायीमा इथे भरली, एकेरी ह्यानेच जिंकली. मग १९८० ला मेलबर्नजवळच्या फ्रँकस्टनला आणि १९८८ ला ऑकलंडला. इनडोअर जागतिक स्पर्धा १९७९ ला सुरू झाली, तर पहिली तिन्ही वर्षं ह्याचीच. पुढे टोनी ऑलकॉकबरोबर इनडोअर दुहेरीची सहा जगज्जेतेपदं, त्यातलं शेवटचं १९९२ चं. ऑलकॉक त्याच्यापेक्षा चोवीस वर्षांनी लहान.

जुनी चित्रफीत पाहिलीत तर माणूस लगेच ओळखू येतो. तोंडात पाइप. मॅटवर आला की पार खाली बसतो, जवळजवळ उकिडवा, तिथून जॅककडे, म्हणजे ज्याच्या जास्तीत जास्त जवळ बोल न्यायचा त्या छोट्या चेंडूकडे, बघत राहतो. मग उठतो आणि उठता उठताच पाऊल पुढे टाकून बोल सोडतो. हात झुलला असं वाटतच नाही, बोल आपसूक निघाल्यासारखा वाटतो.

२०२० च्या ऑगस्टमध्ये ८८ व्या वर्षी गेला.

तर प्रश्न असा : इतकी वर्षं एखादा माणूस जिंकत राहतो, ह्यावरून खेळ सोपा ठरतो की माणूस थोर? माझं मत स्पष्ट आहे, माणूस थोर. पण इथल्या मंडळींचं ऐकायचंय.

रानवारा

वा, काय धागा काढलात! पाइपवाले आजोबा मी पाहिलेत, पण ते एवढे मोठे असतील असं वाटलं नव्हतं. वाचतोय.

मृणालिनी

शरदकाका, ब्रायंट माहीत नव्हता, पण लॉन बोल्स म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर २ ऑगस्ट २०२२ येतो. लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की. बर्मिंगहॅम राष्ट्रकुलमध्ये महिलांच्या फोर्सचं (चौघींच्या संघाचं) सुवर्ण, अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १७-१० असं हरवून. भारताला ह्या खेळात त्याआधी राष्ट्रकुलमध्ये एकही पदक नव्हतं. त्या दिवशी सकाळपर्यंत आमच्या घरात कुणाला नियम माहीत नव्हते आणि संध्याकाळी सगळे "अगं, जॅकच्या डावीकडून टाक" असं टीव्हीला सांगत होते.

त्या चौघींच्या कारकिर्दी वाचा एकदा. लव्हली धावपटू होती, नयनमोनी वेटलिफ्टर, पिंकी क्रिकेट खेळायची, रूपा राणी कबड्डी. ब्रायंटला खेळ घरातूनच मिळाला. ह्यांना तो दुसऱ्या खेळातून येऊन शिकावा लागला.

सुधन्वा

तुमच्या मित्राची बाजू कुणी घेत नाहीये, म्हणून मी घेतो.

खेळाडूची थोरवी मोजताना मी दोन गोष्टी बघतो. एक, शरीराचा कस किती लागतो. दोन, स्पर्धेला किती जण उभे होते. टेनिसमध्ये किंवा धावण्यात तिशी उलटली की शरीर साथ सोडायला लागतं. तरी कुणी टिकला तर ते अचाट. बोल्समध्ये तो अडसरच नाही. दुसरं म्हणजे हा खेळ प्रामुख्याने ब्रिटन आणि तिच्या जुन्या वसाहतींतला. ऑलिंपिकमध्ये नाही. तिथे चार सुवर्णपदकं मिळवणं कौतुकास्पद नक्कीच, पण "सर्वकालीन पहिले पाच" हे जरा जास्तच होतंय.

ब्रायंटबद्दल अनादर नाही. मोजपट्टीबद्दल बोलतोय.

रानवारा

सुधन्वा, कस लागत नाही म्हणताय तर उकिडवं बसून तोल न जाता उठून दाखवा. हातात दीड किलोचा गोळा घेऊन. आणि तोंडात पाइप. :)

मेधा_ज

मी इंग्लंडात असताना आमच्या भागातल्या क्लबात बरीच वर्षं बोल्स खेळले, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. लांबेल, सांभाळून घ्या.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, गोट्यांचाच मोठा अवतार आहे, नेम धरला की झालं. पण बोल सरळ जात नाही! तो पूर्ण गोल नसतो, एका बाजूने किंचित चपटा घडवलेला असतो. ह्यालाच बायस म्हणतात. दोन्ही बाजूंना चकत्या असतात, लहान चकती ज्या बाजूला ती बायसची बाजू. बोल त्या बाजूला वळतो, आणि सुरुवातीला नाही तर वेग कमी होत आला की. शेवटच्या काही मीटरांत तो चांगलाच आत येतो. म्हणून जॅककडे नेम धरायचाच नसतो. बाजूच्या एखाद्या रिकाम्या जागेकडे सोडायचा आणि तो परत जॅककडे यायला हवा. नवख्याने लहान चकती उलट्या बाजूला धरली की बोल शेजारच्या रिंकमध्ये (खेळायच्या पट्ट्यात) जाऊन बसतो आणि तिथले लोक वळून बघतात.

ह्यात दोन गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात, दिशा आणि वजन. "वजन" म्हणजे इथे किती जोराने सोडायचा ते. जॅक मॅटपासून निदान तेवीस मीटर दूर असतो, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहूनही लांब. इतक्या अंतरावर दोन बोलांतला फरक कित्येकदा डोळ्यांना कळत नाही. गुडघे टेकून फीत ताणून मोजावा लागतो आणि बोटभर अंतराने गुण इकडचा तिकडे जातो.

आता मुद्द्याची गोष्ट. हिरवळ सगळीकडे सारखी नसते. सत्तावीस मीटरवर जाऊन थांबायला बोलाला किती सेकंद लागतात, त्यावरून तिचा वेग मोजतात. इंग्लंडची हिरवळ ओलसर, दाट, साधारण दहा-बारा सेकंदांची. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडात पंधरा किंवा त्याहून जास्त. ऐकायला उलटं वाटेल, पण सेकंद जास्त तितकी हिरवळ वेगवान. बोल अगदी अलगद सोडावा लागतो, तो हळूहळू घरंगळत राहतो आणि तेवढा वेळ बायसचं काम चालू असतं. त्यामुळे वळण कितीतरी मोठं होतं. इथे घोटून घोटून बसवलेला हात तिथे निरुपयोगी.

आता शरदकाकांनी दिलेली यादी पुन्हा वाचा. ब्रायंटची मैदानी एकेरीची तिन्ही जगज्जेतेपदं कुठली? सिडनी, मेलबर्न, ऑकलंड. तिन्ही परक्या, वेगवान हिरवळींवर. आणि घरची, म्हणजे १९७२ ची वर्दिंगची स्पर्धा त्याला जिंकता आली नाही. पहिलं राष्ट्रकुल सुवर्णही पर्थचं, मग लगेच एडिंबरा, म्हणजे पुन्हा जड हिरवळ. वर इनडोअरचा गालिचा, तो तिसराच प्रकार. दर वेळी हाताला नव्याने शिकवायचं आणि जगातल्या सर्वोत्तम लोकांसमोर काही दिवसांत शिकवायचं. मला थोरवी दिसते ती इथे.

शरद_वाचक

मेधाताई, प्रतिसाद जपून ठेवतोय. पदकांची गावं मीच टंकली, पण त्यांच्यातून हे निघू शकतं हे ध्यानात आलं नव्हतं. मित्राला दुवा पाठवला आहे.

केतकी_

खूप सुंदर समजावलंत मेधाताई. एक शंका : जॅक हलला तर? म्हणजे कुणी बोल मारून जॅकच सरकवला तर?

मेधा_ज

केतकी, तिथेच तर खरी गंमत. जॅक हलवणं पूर्ण नियमात बसतं. तो जिथे जाईल तिथून मोजायचं. प्रतिस्पर्ध्याचे तीन बोल जॅकला चिकटून बसलेत, म्हणजे तुम्ही तीन गुणांनी मागे. अशा वेळी एक बोल जॅकला अलगद लागून त्याला मागे घेऊन गेला आणि मागे तुमचे दोन बोल आधीच थांबलेले असले, की पारडं फिरलं. म्हणून जाणते खेळाडू एखादा बोल मुद्दाम जॅकच्या मागे ठेवतात. बघणाऱ्याला वाटतं, नेम चुकला.

जॅकला स्पर्श करून गेलेल्या बोलावर खडूची खूण करतात. तो पुढे हिरवळीच्या कडेच्या चरात पडला तरी खेळात राहतो, खूण नसलेला पडला तर बाद.

जोरात मारून सगळं विस्कटून टाकायचा फटका पण असतो, त्याला ड्राइव्ह म्हणतात. ब्रायंटचं नाव मात्र ड्रॉसाठी, म्हणजे अलगद जॅकजवळ नेऊन ठेवण्यासाठी घेतलं जातं.

रानवारा

सासऱ्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवला. आता ते दिवाणखान्यात मोसंबी घरंगळवून बायस शोधतायत. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीयेत.

अभोगी

थोडं इतिहासाचं अवांतर.

खेळ फार जुना. साउदॅम्पटनच्या हिरवळीचा इतिहास १२९९ पर्यंत मागे नेतात. आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्याने कारागीर, मजूर, नोकरचाकर ह्यांना नाताळ सोडून बोल्स खेळायला बंदी होती. कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून ह्यात रमत, आणि सैन्याला तिरंदाज हवे होते. १५८८ ला स्पॅनिश आरमार येतंय अशी खबर आली तेव्हा सर फ्रान्सिस ड्रेक प्लिमथला बोल्स खेळत होता आणि डाव संपवूनच उठला, ही आख्यायिका तर प्रसिद्धच. खरीखोटी कुणास ठाऊक, पण खेळाच्या स्वभावाला शोभते.

आधुनिक रूप मात्र स्कॉटलंडचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ग्लासगोच्या मिचेल नावाच्या माणसाने नियम नीट लिहून काढले. त्याच्या थोडं आधी, १८३० ला, एडविन बडिंगने गवत कापायचं यंत्र काढलं. हिरवळ एकसारखी झाली नसती तर मेधाताईंनी सांगितलेले सेकंद मोजताच आले नसते.

आणि क्रिकेटवाल्यांसाठी : १९०३ ला इंग्लिश बोलिंग असोसिएशन स्थापन झाली, तिचा पहिला अध्यक्ष डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस!

दिगंत

ग्रेसचं माहीत नव्हतं. दाढी सांभाळून बोल टाकत असणार.

मूळ प्रश्नाकडे येतो. ब्रायंट थोर, मान्य. पण बोल्समधलाच सर्वश्रेष्ठ निवडायचा तर स्कॉटलंडच्या अ‍ॅलेक्स मार्शलचं काय? इनडोअर एकेरीत सहा वेळा जगज्जेता, पहिल्यांदा १९९९ ला आणि शेवटचं २०१५ ला. राष्ट्रकुलमध्ये पाच सुवर्णं, २००२ मँचेस्टरपासून २०१८ गोल्ड कोस्टपर्यंत. स्कॉटलंडच्या कुठल्याही खेळाडूची एवढी राष्ट्रकुल सुवर्णं नव्हती. आणि सुधन्वा म्हणतात तसं समोर किती जण उभे होते हे बघायचं तर मार्शलच्या काळात स्पर्धा कितीतरी पटीने वाढलेली होती. व्यावसायिक खेळाडू, टीव्हीचे सामने, सेट पद्धत.

शरद_वाचक

दिगंत, मार्शलबद्दल वाद नाही. पण त्याची सुवर्णं दुहेरी आणि फोर्समधली आहेत. एकेरीत चार बोल तुझे, चार समोरच्याचे, चूक झाकायला कुणी नाही. तिथे लागोपाठ चार राष्ट्रकुल जिंकणं वेगळंच.

आणि टीव्हीचे सामने म्हणतोस, ते लोकांनी बघावेत असे वाटायला लागले त्यात ब्रायंटचा मोठा हात आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बीबीसीवर बोल्स दिसायला लागलं, तेव्हा खेळ न कळणाऱ्यांनाही पाइपवाला माणूस ओळखता यायचा. मार्शलला तयार रस्ता मिळाला.

चंद्रकोर

इथवर सगळं वाचलं, छान चाललंय. पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही.

राष्ट्रकुलच्या बोल्समध्ये बायकांना पहिल्यांदा प्रवेश मिळाला १९८२ ला, ब्रिस्बेनला, तोही फक्त ट्रिपल्समध्ये (तिघींच्या संघात). म्हणजे ब्रायंटची चारही एकेरी सुवर्णं त्याआधीची. पुरुषांचं बोल्स तिथे १९३० पासून होतं. ज्या खेळात ताकदीचा प्रश्न जवळजवळ येतच नाही, त्यात बायकांना बावन्न वर्षं थांबवून ठेवलं ह्याचा मला संताप येतो.

उत्तर आयर्लंडची मार्गारेट जॉन्स्टन घ्या. १९९४ ला व्हिक्टोरियाला राष्ट्रकुल एकेरीचं सुवर्ण, जागतिक एकेरी १९९२ आणि २००० ला. तिला कुणी पाइपवाल्यांच्या यादीत घेत नाही. महान कोण हे ठरवताना कुणाला खेळू दिलं हे आधी बघा.

सुधन्वा

चंद्रकोर, शंभर टक्के सहमत. "समोर किती जण उभे होते" ह्या माझ्या मुद्द्यालाच तुम्ही बळ दिलंत.

मेधाताईंचा प्रतिसाद मात्र दोनदा वाचला. वेगवेगळ्या हिरवळींचा मुद्दा भक्कम आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. हा कौशल्याचा खेळ आहे हे मी मानतो. वयाबद्दल मात्र अजून पटलेलं नाही. कौशल्य टिकतं, कारण शरीर आड येत नाही.

मेधा_ज

सुधन्वा, शरीर आड येतं हो. गुडघे, कंबर, खांदा. अनेक जण पुढे पुढे वाकता येत नाही म्हणून काठीसारखं साधन वापरून बोल सोडतात, नियमांत त्याला परवानगी आहे. आणि डोळे! चाळिशीनंतर तेवीस मीटरवरचे दोन बोल जॅकच्या पुढे आहेत की मागे, हे मॅटवरून कळेनासं होतं.

पण त्याहून मोठी अडचण असते ती हाताच्या अंदाजाची. अगदी थोडा जोर कमी-जास्त झाला तरी बोल वावभर लांब थांबतो. हा अंदाज सरावाशिवाय राहत नाही. हिवाळ्यात मैदानं बंद होतात, वसंतात पुन्हा पहिल्यापासून. छप्पन्नाव्या वर्षी ऑकलंडला जाऊन जो माणूस जिंकला, त्याने तोवर किती वेळा ते पहिल्यापासून केलं असेल ह्याचा विचार करा.

नाना_वाचनप्रेमी

मेधाताईंशी सहमत. दीर्घ कारकिर्दींचा विषय आहे तर स्कॉटलंडच्या विली वूडची आठवण काढायलाच हवी. पेशाने मोटार मेकॅनिक. १९७४ ला क्राइस्टचर्चला पहिल्यांदा राष्ट्रकुल खेळला आणि २००२ ला मँचेस्टरलाही मैदानात होता. सात राष्ट्रकुल स्पर्धा खेळणारा तो पहिला खेळाडू, कुठल्याही खेळातला. १९८२ ला ब्रिस्बेनला एकेरीचं सुवर्ण, जे त्याआधी ब्रायंट कुणाला मिळू देत नव्हता.

जागतिक एकेरीने मात्र त्याला हुलकावणी दिली. १९८४ ला अ‍ॅबर्डीनला, स्वतःच्या देशात, न्यूझीलंडच्या पीटर बेलिसकडून अंतिम सामना हरला. सुधन्वा म्हणतात तसं वय आड येत नसेल, तर मग वूडला पुढे संधी होतीच की. तरी नाही जमलं. वय आड येत नाही ते सगळ्यांनाच येत नाही. त्यामुळे जिंकणं सोपं होत नाही, उलट जुने खेळाडू निवृत्तच होत नाहीत आणि नव्या पोरांबरोबर त्यांनाही हरवावं लागतं!

दिगंत

नाना, हा मुद्दा जबरदस्त आहे. टेनिसमध्ये आधीच्या पिढीचा विजेता आपोआप बाजूला होतो. इथे तो साठीपर्यंत समोर उभा.

केतकी_

वयाचं निघालंच आहे तर : बर्मिंगहॅमलाच स्कॉटलंडच्या रोझमेरी लेंटनने ७२ व्या वर्षी पॅरा दुहेरीचं सुवर्ण जिंकलं आणि त्याच काळात जॉर्ज मिलर ७५ व्या वर्षी राष्ट्रकुलचा सर्वांत वयस्क सुवर्णविजेता ठरला. वाचून मला रडू आलं होतं.

सुधन्वा

केतकी, मिलर स्वतः बोल टाकत होते का? माझ्या आठवणीप्रमाणे ते दिग्दर्शक होते.

मेधा_ज

हो, दृष्टी अधू असलेल्या खेळाडूंच्या प्रकारात प्रत्येकाबरोबर एक दिग्दर्शक असतो. तो जॅकच्या बाजूला उभा राहून सांगतो, जॅक किती लांब, कुठला बोल कुठे थांबलाय, आधीचा किती कमी पडला. मिलर मेलनी इनेसचे दिग्दर्शक होते. पण ह्याला कमी लेखू नका. दुसऱ्याच्या हाताला आपले डोळे द्यायचे आणि तेही अचूक शब्दांत! पदक दोघांनाही मिळतं ते योग्यच आहे.

फोर्समध्ये स्किपचं (संघनायकाचं) काम काहीसं ह्याच जातीचं. तीन खेळाडू टाकत असताना स्किप पलीकडच्या टोकाला उभा राहून दिशा आणि वजन सांगतो. शेवटचे दोन बोल त्याचे, तेव्हा तिसरा खेळाडू जाऊन त्याच्या जागी उभा राहतो.

मृणालिनी

म्हणजे रूपा राणी करत होती ते! आता नीट कळलं. तिने हातांनी जागा दाखवायची आणि पलीकडून लव्हलीने तिथे टाकायचा. उपांत्य फेरीत न्यूझीलंडविरुद्ध सुरुवातीलाच मागे पडल्या होत्या, तरी १६-१३ ने काढला. अंतिम सामन्यात चांगली आघाडी घेतली होती, ती आफ्रिकेने भरून काढली आणि १०-१० झालं. तिथून पुढे आफ्रिकेला एकही गुण दिला नाही. आपल्या चौघी घाबरल्यासारख्या दिसल्याच नाहीत. एक बोल झाला की पुढचा.

नयनमोनी आणि पिंकीला पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि त्याच स्पर्धेत पुरुषांच्या फोर्सचं रौप्य आलं : सुनील बहादूर, नवनीत सिंग, चंदन कुमार सिंग, दिनेश कुमार. अंतिम सामना उत्तर आयर्लंडने जिंकला. त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

चंद्रकोर

मृणालिनी, हे लिहिलंस ते फार बरं केलंस.

अभोगी

पाइपबद्दल कुणीच बोललं नाही! आज खेळताना तोंडात पाइप ठेवून टीव्हीवर कुणी दिसेल का?

नाना_वाचनप्रेमी

दिसू नये. तंबाखूने घरातली माणसं गेलेली पाहिली आहेत. ब्रायंटवर जीव आहे, त्याच्या पाइपवर नाही.

सुधन्वा

नानांचा "जुने बाजूला होत नाहीत" हा मुद्दा आणि मेधाताईंच्या हिरवळी, दोन्ही मिळून माझं आजचं मत सांगतो. बोल्स पूर्ण अर्थाने खेळ आहे. त्या खेळात एकेरीचा सर्वश्रेष्ठ कोण असं विचारलं तर मीही ब्रायंट म्हणेन. सर्व खेळांच्या पहिल्या पाचांत मात्र घालणार नाही. चंद्रकोर ह्यांनी सांगितलेलं कारण त्यात सर्वांत मोठं आहे. ज्या काळात स्पर्धेचं दार अर्धंच उघडं होतं, त्या काळातल्या विक्रमांची तुलना आजच्याशी करताना हात आखडता घ्यावाच लागेल.

शरद_वाचक

सुधन्वा, तसं असेल तर त्या काळातल्या बहुतेक सगळ्या खेळांतले पुरुष विक्रमवीर यादीतून गळतील. एकट्या ब्रायंटलाच हा दंड का? मी त्याला पहिल्या पाचांतून काढणार नाही. मित्राने दुवा वाचला, त्याचं उत्तर आलं : "खेळ आहे, मानलं. पण वर्दिंगला घरच्या हिरवळीवर का हरला ते विचार." मेधाताई, आहे का काही उत्तर?

मेधा_ज

१९७२ ला वर्दिंगची एकेरी वेल्सच्या माल्डविन इव्हान्सने जिंकली. उत्तम खेळाडू, त्या आठवड्यात तो सरस ठरला, एवढंच. घरच्या हिरवळीवर ब्रायंट कच्चा होता असं मात्र तुमच्या मित्राला म्हणता येणार नाही. इंग्लंडची राष्ट्रीय एकेरी त्याने १९७१, १९७२, १९७३ अशी ओळीने तीन वर्षं जिंकली होती. १९७६ ला जोहान्सबर्गमध्येही डग वॉटसनने यजमान देशासाठी एकेरी घेतली. तेव्हा ब्रायंट चव्वेचाळीस वर्षांचा होता, दोन जागतिक स्पर्धा हातून गेलेल्या. पुढची दोन जगज्जेतेपदं त्यानंतरची आहेत. मित्राला १९८० आणि १९८८ पुन्हा वाचायला सांगा.

रानवारा

सासरे विचारतायत, बोलांचा संच कुठे मिळतो. मोसंबी संपली.

मेधा_ज

रानवारा, आधी एखाद्या क्लबाचे बोल वापरून बघायला सांगा. हाताच्या मापाप्रमाणे आकार बदलतो. दोन्ही हातांचे अंगठे आणि मधली बोटं बोलाभोवती जुळली की ते माप साधारण बरोबर. चकती लहान कुठली ते मात्र टाकण्याआधी दर वेळी बघायचं.

शरद_वाचक

मार्गारेट जॉन्स्टनवर वेगळा धागा हवा. चंद्रकोर, तुम्ही काढता का?

चंद्रकोर

काढते. १९८२ च्या ब्रिस्बेनपासून सुरुवात करते.